नावे गेली, आवाज राहिला

घरातील एखादे यंत्र बंद पडले की मनात दोन प्रश्न येतात. हे दुरुस्त होईल का, आणि नवे घ्यायचे झाल्यास किती रुपये लागतील? पंखा, मिक्सर किंवा पाण्याची मोटर यांच्या बाबतीत एवढे दोन प्रश्न पुरेसे असतात. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत अशी यंत्रे आली आहेत, की त्यांची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. दहा हजारांचा टॅबलेट पाच वर्षांत जुना होतो, बाजारात त्याला कुणी हजार रुपयेही देत नाही. आणि तरीही तो सुरू झाला नाही तर घरातील माणसांना रात्रभर झोप लागत नाही.

चंद्रपूरच्या एका कुटुंबात गेल्या मे महिन्यात हेच घडले. घरातील ताई निवृत्त शिक्षिका. माहेर आरमोरीचे. कोशाच्या रेशमासाठी ओळखले जाणारे आणि वैनगंगेच्या खोऱ्यात भातशेतीच्या मधोमध वसलेले हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत आरमोरीच्या माणसाला कचेरीच्या प्रत्येक कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे. ताईंच्या आई तर अखेरपर्यंत चंद्रपूरला ‘चांदा’च म्हणत. धाकट्या भावाची आरमोरीत भातगिरणी आहे, आणि भावाचा मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी चंद्रपुरात आत्याकडे राहतो.

आई गेल्या त्याला वर्ष होत आले होते. पहिल्या स्मृतिदिनी सारे नातेवाईक एकत्र जमणार होते, आणि त्या दिवशी आईंचा आवाज सर्वांना ऐकवावा असे भावंडांनी ठरवले होते. आवाज उपलब्ध होता. ताईंच्या पुण्यातील मुलाने २०१७ मध्ये आजीला एक टॅबलेट भेट दिला होता. सुरुवातीला आजी त्यावर प्रवचने आणि नातवंडांचे फोटो पाहत. मग २०२० चा मार्च आला, टाळेबंदी लागली, घराबाहेर पाऊल टाकणे थांबले. आठवीतल्या नातवाने वेळ घालवण्यासाठी आजीला आवाज मुद्रित करण्याचे अॅप दाखवले. ‘आजी, तू बोल, मी जपून ठेवतो,’ असे तो म्हणाला आणि आजी बोलू लागल्या.

त्या काय बोलल्या? जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. जवसाची चटणी, मुगवड्या, कांदा-लसूण न घालताही रस्सा दाट कसा करावा हे सांगितले. कोणाची मुलगी कोणाकडे दिली, कोणत्या घराशी कोणते नाते, ही सारी नातेसाखळी सांगितली. वैनगंगेला पूर आला की वाटा कशा बंद होत आणि गावात मीठ-तेल कसे पुरवून वापरावे लागे, हेही सांगितले. नातू प्रत्येक मुद्रणाला नाव देई: ‘जवस चटणी’, ‘पुराची गोष्ट’, ‘मामांकडची नाती’. सुमारे दोन वर्षे हे चालले. पुढे नातू बारावीच्या अभ्यासात गुंतला, आजींची दृष्टी मंदावली आणि टॅबलेट कपाटात गेला.

मे महिन्यात ताईंनी तो आरमोरीहून मागवला. ऐंशी किलोमीटरचा गडचिरोली-चंद्रपूर रस्ता आणि त्याआधीचे आरमोरी-गडचिरोली अंतर असा प्रवास करून, एका पिशवीत, दुपारच्या उन्हात, मोटारीच्या मागच्या काचेखाली पडून तो आला. रात्री ताईंनी बटण दाबले. काहीच झाले नाही. भाच्याने स्वतःच्या मोबाइलचा चार्जर लावला. बऱ्याच वेळाने बॅटरीचे चिन्ह दिसले, मग कंपनीचे बोधचिन्ह उमटले, गेले, पुन्हा उमटले, पुन्हा गेले. अर्धा तास हेच चालू राहिले. दार वाजते, पण उघडत नाही, तशी ती अवस्था.

‘आत्या, हा अडकला आहे,’ भाचा म्हणाला. ‘रीसेट मारून पाहू का? पाच मिनिटांत नव्यासारखा होतो.’

‘नव्यासारखा म्हणजे?’

‘म्हणजे दुकानातून आणला तेव्हा होता तसा.’

‘आणि आजीने त्यात बोललेलं?’

भाचा गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ते विचारूनच मारू.’

दुसऱ्या दिवशी दोघे दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन होता. त्याने टॅबलेट हातात घेतला, एकदा बटण दाबले आणि सांगितले, ‘काकू, सॉफ्टवेअर उडालं आहे. रीसेट करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. पण डाटा राहणार नाही, ते आधीच सांगतो.’ त्याच्याकडे त्या दिवशी अशी वीस यंत्रे आली असतील, आणि त्यांतील बहुतेकांच्या मालकांना यंत्र चालू हवे असणार, आतले काही नको असणार. दुकानदाराचा उपाय त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बरोबर होता. ताईंनी टॅबलेट परत पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘दोन दिवसांनी येते.’

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘रीसेट’ हा शब्द कानाला निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसापर्यंत मागे जाणे आणि मधले सर्व पुसणे, असा आहे. खतावणीची बेरीज जुळत नाही म्हणून कुणी खतावणीच जाळून नवी वही उघडत नाही. बेरीज जुळत नसेल तर आधी शेवटचे पान तपासतात, मग त्या दिवसाच्या पावत्या, मग आदल्या दिवसाची शिल्लक. एकेक पायरी मागे जात चूक सापडेपर्यंत कागदाला धक्का लावत नाहीत. ताई शिक्षिका होत्या, हिशेबनीस नव्हत्या; परंतु त्यांनी नेमके हेच केले. शाळेतील जुन्या वहीचे एक कोरे पान उघडून त्यांनी वर लिहिले, ‘काय केले’, आणि शेजारी, ‘काय झाले’. भाच्याला अट घातली, की एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि ज्या कृतीने काही पुसले जाईल ती सर्वांत शेवटी.

पहिली नोंद चार्जरची झाली. टॅबलेटची बॅटरी मोठी असते, तिला साधारणतः दोन अँपिअरचा चार्जर लागतो. जुन्या मोबाइलचे चार्जर अनेकदा एक अँपिअरचे किंवा त्याहूनही कमी असतात, आणि संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून तर अर्धाच अँपिअर मिळतो. अशा अपुऱ्या पुरवठ्यावर यंत्र जागे होऊ पाहते, सुरू होताना लागणारी ताकद बॅटरीत नसते, म्हणून ते पुन्हा विझते. बाहेरून पाहणाऱ्याला हा सॉफ्टवेअरचा बिघाड वाटतो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर योग्य चार्जर लावूनही पंधरा-वीस मिनिटे पडद्यावर काही दिसत नाही. तेवढ्यात माणूस धीर सोडतो. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पण त्याच परिसरातील माणसाच्या टॅबलेटला दोन अँपिअर मिळतात की नाही, हे शेवटी चार्जरवरच्या बारीक अक्षरांत वाचावे लागते.

दुसरी नोंद उष्णतेची. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे नवलाचे नाही, आणि बंद मोटारीत तर तो त्याहूनही वर असतो. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ४५ अंशांच्या वर भारित करू नये असा नियम आहे. म्हणून चांगली यंत्रे तेवढी तापली की आपणहून भरणे थांबवतात. आपल्याकडील दुपारी यंत्र ‘चार्जच होत नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच मिटते. मात्र ते थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नये, आत ओलावा धरतो. ताईंनी टॅबलेटचे जाड आवरण काढून तो रात्री आतल्या खोलीच्या फरशीवर ठेवला आणि पहाटे पाचला, हवा जरा निवलेली असताना, योग्य चार्जर लावला. आवरण काढण्याचा आणखी एक लाभ असतो. घट्ट आवरणाने कडेचे बटण दाबलेले राहिले तर यंत्र सरळ सुरू न होता भलत्याच मार्गाने जाते.

सकाळी सातला बॅटरी पुरेशी भरली होती. बोधचिन्ह मात्र तसेच येत-जात होते. वहीत लिहिले गेले: ‘चार्जर बदलला. फरक नाही.’ भाचा हिरमुसला. ताईंच्या मते मात्र ही प्रगती होती, कारण एक शंका कायमची संपली.

तिसरी पायरी, सुरूचे बटण तीस सेकंद दाबून धरणे. यामुळे अडकलेले यंत्र सक्तीने बंद होऊन नव्याने सुरू होते, आतील कशालाही धक्का लागत नाही. फरक नाही. चौथी पायरी, सुरूचे आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून दुरुस्तीची यादी उघडणे. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते. त्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार-सहा ओळी येतात आणि खरा धोका तेथेच असतो, कारण दोन ओळी दिसायला जवळपास सारख्या असतात. एक ओळ कॅशे पुसण्याची, म्हणजे यंत्रणेने आपल्या सोयीसाठी साठवलेली तात्पुरती टिपणे काढून टाकण्याची. तिने फोटो किंवा आवाज जात नाहीत. नव्या उपकरणांत ही ओळ अनेकदा नसतेच. दुसरी ओळ सारा डाटा पुसण्याची. ताईंनी चष्मा लावून दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, भाच्याकडूनही वाचून घेतल्या, मगच त्याला पहिली निवडू दिली. फरक नाही.

पाचव्या पायरीपाशी भाच्याला आठवले की यात मेमरी कार्डही आहे. टॅबलेट पूर्ण बंद करून त्याने कडेच्या खाचेतून नखाएवढे कार्ड बाहेर काढले आणि बटण दाबले. बोधचिन्ह आले, गेले, आणि या वेळी त्याच्या जागी पडद्यावर आजींच्या अंगणातील तुळशीचे चित्र आले. टॅबलेट सुरू झाला.

कारण साधे होते. सुरू होताना यंत्रणा कार्ड वाचायला जाते; कार्ड बिघडलेले असेल तर ती तेथेच ठेचकाळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणजे टॅबलेट निर्दोष होता. आणि याचा अर्थ आणखी एक होता: त्या दुकानात रीसेट केले असते तर टॅबलेटच्या स्मृतीतील आजींच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो पुसले गेले असते, आणि बिघाड मात्र तसाच राहिला असता, कारण दोषी कार्ड आतच राहणार होते. रोग एका अवयवाचा आणि शस्त्रक्रिया दुसऱ्याची, असा तो प्रकार झाला असता.

घरात आनंद झाला, तो दहा मिनिटे टिकला. भाच्याने आवाजाचे अॅप उघडले. यादी रिकामी होती. सारी मुद्रणे कार्डावर साठवली जात होती. टॅबलेटमधील जागा लवकर भरते म्हणून त्यानेच, आठवीत असताना, तशी व्यवस्था करून दिली होती. त्याने कार्ड पुन्हा आत घातले. पडद्यावर सूचना आली, की कार्डात समस्या आहे, ते पुन्हा वापरण्याजोगे करण्यासाठी येथे स्पर्श करा. मुलाचे बोट पुढे गेले. ताईंनी त्याचे मनगट धरले.

‘वापरण्याजोगं करणार म्हणजे काय करणार, ते आधी वाच.’

वाचले. फॉरमॅट करणार, म्हणजे पुसणार. कार्ड वाचकात घालून ते घरच्या संगणकाला जोडले, तर संगणकानेही तेच विचारले: हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल, करू का? दुकानदार, टॅबलेट आणि संगणक या तिघांनी तीन वेळा एकच उपाय सुचवला होता, आणि तिघांपैकी कुणालाही आत काय आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. यंत्राला स्वतः चालू राहण्याची काळजी असते. आतल्या ऐवजाची काळजी माणसालाच करावी लागते.

रात्री पुण्याला फोन झाला. ताईंच्या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्या कार्डावर आता काहीही लिहू नका, दुरुस्त करायलाही जाऊ नका. कार्डातील अनुक्रमणिका बिघडली असली तरी मजकूर बहुधा जागेवरच असतो. पुस्तकाचे पहिले पान फाटले म्हणून पुढची पाने कोरी होत नाहीत. मात्र त्यावर नवे काही लिहिले गेले तर जुने कायमचे झाकले जाते. दुसरी, आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत संगणकावर घ्या आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा; मूळ कार्ड डबीत बंद करून ठेवा. त्यानंतर ‘फोटोरेक’ हा विनामूल्य प्रोग्राम त्या प्रतीवर चालवायचा होता. नाव फोटोंचे असले तरी तो आवाजाच्या फाइलीही शोधतो. अनुक्रमणिकेकडे न पाहता तो मजकुराचे एकेक पान उलटतो आणि अमुक प्रकारची फाइल कशी सुरू होते या खुणेवरून ती ओळखून बाहेर काढतो.

येथे एक गोष्ट या कुटुंबाच्या पथ्यावर पडली. कार्ड वेगळे साठवण म्हणून वापरलेले होते. काही टॅबलेटमध्ये कार्ड टॅबलेटच्याच स्मृतीचा भाग म्हणून जोडण्याची सोय असते. तसे जोडलेले कार्ड त्या यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद होते आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकाला वाचता येत नाही. आजींच्या कार्डाला असे कुलूप नव्हते.

सोळा जीबीच्या कार्डाची प्रत घ्यायला आणि ती धुंडाळायला संध्याकाळपासून मध्यरात्र झाली. मधे एकदा वीज गेली तेव्हा ताई अंधारात संगणकाशेजारी हातपंखा घेऊन बसून राहिल्या. लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरूच होते. पहाटे पाहिले तो एका कप्प्यात शेकडो फाइली जमल्या होत्या. त्यांत आवाजाच्या ४३ होत्या.

मात्र नावे गेली होती. नावे अनुक्रमणिकेत असतात, आणि तीच तर नष्ट झाली होती. नातवाने प्रेमाने दिलेली ‘जवस चटणी’ आणि ‘पुराची गोष्ट’ कुठेच नव्हती. होते फक्त लांबलचक आकडे. कोणत्या आकड्यामागे काय आहे हे कळण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणे.

भावाला फोन गेला. तो आणि वहिनी दुसऱ्या दिवशी गिरणी गड्यांवर सोपवून आले. तीन दिवस, दुपारच्या उन्हात दारे-खिडक्या लावून, चौघे मधल्या खोलीत बसले आणि आईंना ऐकत राहिले. एक जण नाव सांगे, भाचा ते संगणकात लिही, ताई वहीत उतरवीत. सात फाइली मधेच तुटत होत्या. त्यांचे तुकडे कार्डावर विखुरलेले असावेत. एक ओवी दुसऱ्या चरणावर थांबली, तेव्हा वहिनींनी ती पुढे म्हणून पूर्ण केली. सासूने तिला भातकांडणीच्या वेळी शिकवली होती, हे ताईंना त्या दिवशी प्रथमच कळले.

ओव्या लोकांच्या तोंडून टिपून ठेवण्याचे मोठे काम महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केले. खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या त्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात पाहायला-ऐकायला मिळतात. परंतु प्रत्येक घरातील आजीपर्यंत कोणी संशोधक पोहोचणार नाही. तिच्या घरचा संशोधक म्हणजे आठवीतला नातूच, आणि त्याचे संग्रहालय म्हणजे नखाएवढे कार्ड.

या ४३ फाइलींत एक अशी निघाली, जी कुणी मुद्दाम मुद्रित केली नव्हती. एखादा प्रसंग सांगून झाल्यावर आजींनी मुद्रण थांबवण्याचे बटण दाबले नसावे. चाळीस मिनिटे त्यात कोणी काहीच ‘सांगत’ नाही. भांड्यांचा आवाज आहे. दूर गिरणीची घरघर आहे. दारावर आलेल्या भाजीवाल्याला आजी वांगी काल कडू निघाली म्हणून बोलतात. मधेच स्वतःशी काहीतरी गुणगुणतात. मग हाक येते, ‘अरे, जेवून घे, मग जा गिरणीवर.’ भावाने मान खाली घातली. ती हाक त्याला होती. भाच्याने हलक्या आवाजात विचारले, ‘ही ठेवायची ना?’ उत्तर कुणी दिले नाही, आणि त्याने ते पुन्हा विचारले नाही. कार्ड बिघडले नसते, नावे शाबूत राहिली असती, तर स्मृतिदिनासाठी ‘ओव्या’ नावाची फाइल उघडली गेली असती आणि ही चाळीस मिनिटे अनुक्रमणिकेत कुठेतरी न ऐकताच पडून राहिली असती.

हे सारे पदरात पडले ते थोड्या धीराने आणि बऱ्याचशा दैवाने. दैवावर पुन्हा भिस्त ठेवू नये म्हणून काही व्यवस्था करावी लागते, आणि ती अवघड नाही. बँकांच्या शाखांत संगणक नवे आले तेव्हा दिवसाचे काम संपल्यावर सर्व नोंदींची प्रत घेतल्याशिवाय शाखा बंद होत नसे, आणि एक प्रत शाखेच्या इमारतीबाहेर ठेवण्याचा दंडक असे. इमारतीला आग लागली तरी खातेदाराची शिल्लक जळू नये म्हणून. घरासाठीही नियम तोच: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह यांना तिजोरी समजू नये. त्यांत माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहते, तो भार वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिल्यास झिरपतो, आणि उष्णतेने अधिक लवकर झिरपतो. पत्र्याखालच्या खोलीतील लोखंडी कपाट ही आपल्या भागातील त्यासाठी सर्वांत वाईट जागा. आता आजींच्या आवाजाची एक प्रत चंद्रपूरला संगणकात, एक आरमोरीला हार्ड डिस्कवर आणि एक पुण्याच्या नातवाच्या क्लाउड खात्यात आहे.

दुसरी व्यवस्था वारसाची. आजींनी टॅबलेटला कुलूप लावू दिले नव्हते म्हणून ही गोष्ट निभावली. आजच्या बहुतेक उपकरणांत आतील माहिती सांकेतिक स्वरूपात बंद असते आणि मालकाचा पिन नसेल तर दुरुस्तीवालाही ती काढू शकत नाही. रीसेट केल्यानंतरसुद्धा यंत्र जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागते. बँकेतील ठेवीला आपण नामनिर्देशन करतो, तसे ते येथेही करता येते. गूगलने २०१३ पासून निष्क्रिय खात्यासाठी अशी सोय ठेवली आहे: खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर कोणाला कळवावे आणि काय सोपवावे, हे आधीच नोंदवता येते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचे गूगलचे धोरणही आहे, हे दिवंगतांच्या फोटोंची भिस्त त्यांच्याच खात्यावर ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही आपल्या पश्चात आपले हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार मान्य केला आहे. एवढे जमत नसेल, तर पिन एका लिफाफ्यात लिहून तो मुदत ठेवीच्या पावत्यांबरोबर ठेवावा. आपल्या पिढीला ही पद्धत नवी नाही.

स्मृतिदिनी घर भरले होते. ओव्या लागल्या, पुराची गोष्ट लागली. शेवटी भावाच्या सांगण्यावरून ती चाळीस मिनिटांची फाइलही हलक्या आवाजात लावून ठेवली गेली आणि तिच्याच सोबतीने पंगत उठली. स्वयंपाकघरातील खऱ्या भांड्यांचा आवाज आणि टॅबलेटमधील भांड्यांचा आवाज एकमेकांत मिसळत होता.

ताईंच्या वहीत मात्र एक नोंद अजून उघडी आहे. सव्विसाव्या फाइलीत आजींबरोबर आणखी एक स्त्री ओवी म्हणते. आवाज वृद्ध आहे, खणखणीत आहे, झाडीबोलीच्या हेलातला आहे, पण घरातील कुणालाही तो ओळखता आलेला नाही. भाच्याने ती फाइल आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी अशा सर्व गावच्या नातेवाइकांना पाठवली आहे. ज्या रकमेचा खातेदार सापडत नाही ती रक्कम हिशेबात अनामत खात्यात ठेवतात; परत करायची असते, म्हणून तिची नोंद कधी पुसत नाहीत. ताईंनी त्या आकड्यापुढे नावाची जागा कोरी सोडली आहे आणि बाजूला पेन्सिलने लिहिले आहे: ‘विचारणे चालू.’